सिनेट म्हणजे 'अमेरिकेची राज्यसभा' नव्हे

अमेरिकेत निवडणूक लागली की आपल्याकडच्या बातम्यांत 'सिनेट, म्हणजे तिथली राज्यसभा' हे वाक्य हटकून येतं. मला ते खटकतं.

राज्यसभा तुम्हाला ठाऊकच आहे. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सहा जागांसाठी आमदारांचा हॉटेलांत मुक्काम, पहाटेपर्यंत लांबलेली मोजणी आणि शेवटी सहाव्या जागेवर धनंजय महाडिक, हे सगळं आपण पाहिलंय. सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक, सभापती म्हणून उपराष्ट्रपती किंवा उपाध्यक्ष, एवढं दोन्हीकडे सारखं. गोंधळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे उत्तर प्रदेशाला ३१ जागा नि गोव्याला १, तिथे प्रत्येक राज्याला दोनच, हा फरक बहुतेकांना माहीत असतो.

खरी गोची आहे ती मत कोण देतं यात. सिनेटर थेट जनता निवडते, तीही अख्ख्या राज्याची. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं राज्य हा एकच लोकसभा मतदारसंघ.

मेन राज्याची २०२० ची लढत बघा. सुझन कॉलिन्स या रिपब्लिकन बाई १९९६ पासून निवडून येत होत्या. समोर डेमोक्रॅट सारा गिडियन, ज्यांचे वडील मूळचे भारतीय. गिडियन तेव्हा मेनच्या कनिष्ठ सभागृहाच्या सभापती होत्या आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहं त्यांच्याच पक्षाकडे होती. राज्यसभेची पद्धत असती, तर गिडियन घरबसल्या निवडून आल्या असत्या. हॉटेल बुक करायचीही गरज पडली नसती. मतदान जनतेचं होतं म्हणून उलटं घडलं. अध्यक्षपदासाठी मेनने बायडन यांना सुमारे नऊ टक्क्यांची आघाडी दिली आणि त्याच मतदारांनी कॉलिन्सना सुमारे ५१ टक्के मतं देऊन पाचव्यांदा सिनेटवर पाठवलं. चाचण्या त्यांना मागे दाखवत होत्या, तरीही. वर्षानुवर्षं मतदारसंघ बांधलेला माणूस पक्षाची हवा उलटी असतानाही कसा तरतो, हे आपल्याला आमदारकीच्या निवडणुकांतून चांगलं कळतं. मग सिनेटरला 'मागच्या दारानं आलेला' का समजायचं?

गंमत म्हणजे सुरुवातीला तिथेही विधिमंडळंच सिनेटर निवडत. पैशांचे आरोप झाले, एकमत न झाल्यानं जागा रिकाम्या पडून राहिल्या, आणि १९१३ मध्ये सतराव्या घटनादुरुस्तीनं तो अधिकार मतदारांकडे गेला.

आणखी एक घोळ. २०२० मध्ये कॉलिन्स निवडून आल्या, त्याच दिवशी मेनच्या स्वतःच्या ३५ जागांच्या सिनेटचीही निवडणूक होती. ते राज्याच्या विधिमंडळाचं वरिष्ठ सभागृह, वॉशिंग्टनशी त्याचा संबंध नाही. त्याला हवं तर विधान परिषद म्हणा. पण मतं तिथेही लोकच देतात.