टी-शर्टच्या पाठीवर ‘डेट्रॉइट’ का?

टेक्नो, म्हणजे यंत्रांवर घडवलेलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, म्हटलं की अनेकांना बर्लिनचे क्लब आठवतात. आमचे ग्राहकही विचारतात, ‘हे जर्मन संगीत ना?’ नाही. टेक्नो घडवलं ते अमेरिकेतल्या, मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डेट्रॉइट परिसरातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी. हे ठळकपणे सांगावं, म्हणूनच हे टी-शर्ट तयार केले.

पाठीवर पहिलं नाव हुआन अ‍ॅटकिन्स यांचं. 1981 मध्ये रिक डेव्हिस यांच्यासोबत ‘सायबोट्रॉन’ नावाने त्यांची पहिली तबकडी आली. 1985 मध्ये त्यांनी ‘मेट्रोप्लेक्स’ हे स्वतःचं लेबल (तबकड्या काढणारी कंपनी) काढलं. डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे जवळच्या बेलव्हिलमधले त्यांचे शाळासोबती. चौथं नाव एडी फोक्स यांचं. ते बऱ्याचदा गाळलं जातं, आम्ही मुद्दाम त्याच आकारात छापलंय. जर्मन धागा आहेच: ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ हा डेट्रॉइटचा रेडिओ निवेदक जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड क्राफ्टवर्क आणि अमेरिकन गायक प्रिन्स यांची गाणी एकाच कार्यक्रमात वाजवायचा, आणि ही मुलं कान लावून ऐकायची.

पुढच्या बाजूचे सोळा चौकोन म्हणजे रोलँडच्या टीआर-808 या ताल-यंत्राची बटणं: चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. प्रत्येक रंगाचा पहिला चौकोन भरीव आहे. बेस ड्रमचा ठोका तिथे पडतो. बोटाने ठेका धरून बघा, लगेच कळेल.

1988 मध्ये लंडनहून डेट्रॉइटच्या गाण्यांचा संग्रह निघाला आणि ‘टेक्नो’ हे नाव युरोपात रुजलं. बर्लिनच्या ट्रेझोर क्लबच्या लेबलची पहिली तबकडीसुद्धा (1991) डेट्रॉइटच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या टेक्नो गटातल्या कलाकारांचीच. पुढे गर्दी आणि पैसा युरोपात वाढला, मूळ माणसं मागे पडली. याला उत्तर म्हणून 2018 मध्ये न्यूयॉर्कमधून ‘मेक टेक्नो ब्लॅक अगेन’ (टेक्नो पुन्हा कृष्णवर्णीयांचं करा) लिहिलेली टोपी आली. कपड्यावरून इतिहास सांगता येतो, हे आम्हाला तिच्यामुळे पटलं.

कुठल्याही लेबलचं बोधचिन्ह आम्ही वापरलेलं नाही. ती त्यांची मालमत्ता आहे. ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’चा टी-शर्ट हवा असेल तर तो त्यांच्याकडूनच घ्या, पैसे योग्य हातात जातील.

छपाई स्क्रीन प्रिंटिंगची आहे. पहिल्या धुण्याला रंग थोडा सुटेल, म्हणून वेगळा धुवा. नेहमी उलटा करून, थंड पाण्यात. छपाईवर थेट इस्त्री फिरवू नका.