नोंद आणि अहवाल: कात्री नेमकी कशाला लावायची?

अंगणवाडी सेविका आणि आरोग्य सेविकांचं "आमचे कागद कमी करा" हे गाऱ्हाणं जुनं आहे, आणि खरंही आहे. घोळ होतो तो पुढे, कुठला कागद कमी करायचा हे ठरवताना. नोंद आणि अहवाल एकाच टेबलावर, एकाच पेनानं लिहिले जातात, त्यामुळे ते एकच वाटतात.

कोल्हापूरकरांना हा फरक दूध संस्थेत पटकन कळेल. सकाळी किटली घेऊन गेलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) एकदाच मोजलं जातं. ही झाली नोंद. हातातली पावती, दहा दिवसांचं बिल, संघाला जाणारी बेरीज, सगळं त्याच आकड्यांतून निघतं. हे अहवाल. "हेच आकडे जरा या दुसऱ्या तक्त्यात भरून द्या" असं दूध घालणाऱ्याला कुणी म्हणत नाही. म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं दूध शेजारच्या संस्थेत जाईल.

अंगणवाडी सेविकेला मात्र असं दुसरीकडे जाता येत नाही. 2012 च्या सुमारास केंद्रानं सुधारलेल्या पद्धतीत तिच्याकडे अकरा रजिस्टरं आली. त्यांतलं दहावं मासिक आणि वार्षिक गोषवाऱ्याचं, अकरावं मुलांच्या वजनाचं. एकाच गठ्ठ्यात शेजारीशेजारी ठेवलेली ही दोन रजिस्टरं जातीनं वेगळी आहेत. वजनाची नोंद त्या लेकराची. दोन महिने वजन जागच्या जागी थांबलं, तर ते त्या पानावर दिसतं आणि सेविका त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊ शकते. गोषवाऱ्यात त्या लेकराचं नाव नसतं. तिथं तीव्र कुपोषित 1 एवढंच. तो आकडा पर्यवेक्षिकेकडे, तालुक्याला, जिल्हा परिषदेत जातो, आणि जायलाही हवा. पण तो वहीतून आपोआप निघायला हवा, सेविकेनं रात्री बसून पुन्हा बेरीज मारायला नको.

मोबाईल आल्यावर हेच होईल असं वाटलं होतं. पोषण ट्रॅकर हे केंद्राचं ॲप 1 मार्च 2021 ला सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन अडकायचे, आणि ॲपमधलं इंग्रजी सगळ्यांना जमणारं नव्हतं. माझ्या मते खरी चूक वेगळीच होती. ॲप आलं तरी वही सुटली नाही, आणि वर "तात्काळ माहिती सादर करा" म्हणणारा व्हॉट्सॲप ग्रुपही राहिला. एकच माहिती तीन ठिकाणी, तीही हातानं. गगनबावड्याच्या वाडीवर रेंजसाठी टेकाडावर जाणाऱ्या बाईला याला डिजिटल का म्हणायचं ते सांगा.

इथवर वाटेल की अहवाल तेवढे छाटावेत. पण एक अहवाल दिसायला सगळ्यात निरुपयोगी असतो आणि त्याला हात लावायचा नसतो: निरंक. रोगसर्वेक्षणात आरोग्य सेविका संशयितांचा एस नमुना भरते, डॉक्टर पी नमुना, प्रयोगशाळा एल. गावात एकही रुग्ण नसला तरी "निरंक" पाठवायचं. कारण कागदच आला नाही तर दोन अर्थ निघतात, रुग्ण नाहीत किंवा कुणी पाहिलंच नाही. निरंक आलं की दुसरा अर्थ गळतो. पोलिओत अचानक लुळेपणा आलेल्या मुलांचा शोध याच पद्धतीनं चालतो. देशातला नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, तरी निरंक अजून पाठवावंच लागतं. (न बघताच निरंक लिहिणारेही असतात, पण तो दोष कागदाचा नव्हे.)

पुरात नोंद आणि अहवाल, दोन्हींची परीक्षा होते. 2019 आणि 2021 ला शिरोळ-करवीरकडच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासल्याची, नोंद जीवनमरणाची होती. कुठल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे, कुठे नाही, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी टाकलं. ती गावातच हवी, टाकीजवळ. आणि अशाच दिवसांत ग्रामपंचायत, तालुका आणि जिल्हा तिघांनीही तीच माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत मागितली, तर पाणी तपासणारा माणूस तक्ते भरत बसतो. रकाने सगळ्यांनी एकच ठेवले असते तर काय बिघडलं असतं?

आशाताईंचं प्रकरण या दोन्हींत बसत नाही. त्यांचा मोबदला बराचसा कामानुसार मिळतो. इतक्या गरोदर मातांना सोबत केली, इतक्या गृहभेटी झाल्या, असा महिन्याचा हिशोब लिहून द्यावा लागतो. वरून पाहणाऱ्याला तो आणखी एक अहवालच. डायरीतलं पुन्हा उतरवलेलं, म्हणजे छाटायला सोपा. तो छाटायला कुणी निघालं, तर आशाताई आधी विचारतील, "मग पैसे कशावर काढणार?"