गिंबल आणि जायरो, दोन्ही एकच नाहीत ओ

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसात नंदीध्वजांची (उंच काठ्यांची) मिरवणूक शूट करायला पोरापोरांच्या हातात गिंबल, म्हणजे मोबाईल स्थिर धरणारा दांडा, दिसतो, आणि विचारलं की म्हणतात यात जायरो आहे ना, म्हणजे तेच की. तेच नाही ओ, एकाच वस्तूत दोन्ही बसतात म्हणून घोळ होतोय, कामं पार वेगळी.

गिंबल म्हणजे एकात एक बसवलेल्या कड्या, बास. सोलापुरात समुद्र नाही तरी उदाहरण जहाजाचंच घ्यायला पाहिजे, कारण तिथं गिंबल एकटा काम करतो, ना बॅटरी ना मोटर. होकायंत्राचं भांडं कडीत समोरासमोरच्या दोन पिनांवर टांगलेलं, ती कडी बाहेरच्या स्टँडवर अजून दोन पिनांवर, पण काटकोनात, त्यामुळं जहाज डावी-उजवीकडं कलंडू दे नाहीतर नाक वर-खाली करू दे, भांडं मोकळं. मग त्याला सपाट कोण ठेवतं? गुरुत्वाकर्षण. भांड्याचा तळ मुद्दाम जड करतात, वजन पिनांच्या खाली गेलं की ते आपोआप सरळ लोंबतं. गिंबलला स्वतःला काही कळत नसतं. आयडिया लई जुनी आहे, इ.स.पू. ३ऱ्या शतकातल्या बायझँटियमच्या फिलो या ग्रीक यंत्रतज्ज्ञाच्या नावावरच्या ग्रंथात अशी दौत आहे, कशीही फिरवा, शाई सांडत नाही. नाव मात्र चिकटलं १६व्या शतकातल्या कार्दानो या इटालियन गणितज्ञाचं, त्यानं शोध लावला नव्हता तरी!

जायरो म्हणजे मुळात जोरात फिरणारं चाक. एकदा वेग घेतला की त्याचा आस दिशा सोडत नाही. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५२ मध्ये पृथ्वी फिरते हे त्यावरून दाखवलं. पण याला सपाट-बिपाट कळत नाही, तिरका फिरवला तर तिरकाच राहणार. आणि चाकाला मोकळं वळता यावं म्हणून फुकोनं ते टांगलं कुठं, तर गिंबलच्याच कड्यांत. घोळाचं मूळ मला तरी हेच वाटतं.

मोबाईलमधल्या जायरोत चाक नसतंच, सिलिकॉनचा बारीक कंपणारा भाग असतो, तो फक्त मोबाईल किती वेगानं वळतोय ते सांगतो. हातातल्या गिंबलमध्ये असाच जायरो हलणं ओळखतो आणि मोटर लगेच उलटी फिरते, नंदीध्वज पेलणारा काठी झुकतेय म्हटल्यावर तोल देतो ना, तसं. जायरोची चूक हळूहळू साचत जाते, म्हणून खालची दिशा कुठली ते सांगायला सोबत ॲक्सेलरोमीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा सेन्सर, लागतो.

इथंच जहाजाच्या अगदी उलट आहे बघा. तिथं वजन पिनांच्या खाली पाहिजे, इथं मोबाईलचं वजन बरोब्बर आसावर. एका बाजूला जड ठेवलात तर मोटर नुसती झगडत बसते, गरम होते, बॅटरी खाते आणि व्हिडिओत थरथर येते ती वेगळीच. म्हणून आधी बंद असताना मोबाईल लावायचा, पुढं-मागं सरकवायचा, आणि सोडल्यावर जिथल्या तिथं थांबला की मगच बटन दाबायचं.