नागरी पक्षी-परिस्थितिविज्ञान : नागपूर

शहरातील पक्षी काय खातात, कोठे वीण करतात, माणसांच्या वर्दळीला व गोंगाटाला कसे सरावतात आणि त्यांच्या वागण्यावरून शहराच्या जैवविविधतेविषयी कोणते अनुमान काढता येते, याचा अभ्यास करणारी परिस्थितिविज्ञानाची शाखा. या अभ्यासाला नागपूर सोयीचे आहे. सिव्हिल लाइन्समधील जुने वृक्ष, सेमिनरी हिल्स, महाराजबाग, अंबाझरी, फुटाळा व सोनेगाव हे तलाव आणि इतवारी-महालची दाट वस्ती अशा परस्परभिन्न अधिवासांची तुलना येथे एकाच शहरात करता येते.

ठरावीक वाटेने चालत दुतर्फा दिसणारे पक्षी मोजणे किंवा एका जागी ठरलेली मिनिटे थांबून दिसणाऱ्या व ऐकू येणाऱ्या पक्ष्यांची नोंद करणे, या रूढ पद्धती होत. माणूस किती जवळ आल्यावर पक्षी उडतो, हे अंतरही मोजतात. वर्दळीला सरावलेल्या पक्ष्यांत ते कमी भरते. नुसत्या प्रजातींच्या यादीवर मात्र फार विसंबू नये. पिंपळावर फळे खाताना दिसलेला धनेश त्याच परिसरात वीण करतो, असे यादीवरून म्हणता येत नाही.

राखी धनेशाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याला स्वतः झाडात ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडातील तयार ढोली शोधावी लागते. उन्हाळ्यात मादी ढोलीत शिरून विष्ठा इत्यादींच्या लेपाने तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढी उभी फट ठेवते. नर वड, पिंपळ, उंबरांची फळे गिळून आणतो व घशातून एकेक वर काढून फटीतून तिला भरवतो. या काळात मादीची उड्डाणपिसे गळत असल्याने नरावर संकट आले, तर तिचे व पिलांचे पोषणच थांबण्याचा धोका असतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी नेमकी याच दिवसांत होते. वाळलेली, पोकळ फांदी छाटणाऱ्याला धोक्याची वाटते व ते पुष्कळदा खरेही असते. परंतु तांबट पक्षी अशाच मऊ पडलेल्या लाकडात घर कोरतो आणि पिंगळा हे लहान घुबडही ढोलीतच राहते. तोडलेल्या वृक्षाच्या बदल्यात लावलेल्या रोपात ढोली तयार व्हायला कित्येक दशके जावी लागतात.

गोंगाटाचा परिणाम गाण्यावर होतो. नेदरलँड्समधील लायडन शहरात केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोंगाटाच्या भागातील ग्रेट टिट पक्ष्यांच्या गाण्यातील सर्वांत खालचा स्वरही अधिक उंच असतो असे आढळले, कारण वाहतुकीचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. नागपुरातील दयाळ पक्ष्याबाबत तीच पडताळणी करायची झाल्यास सेमिनरी हिल्स आणि वर्धा मार्ग येथील ध्वनिमुद्रणांची तुलना करता येईल.

तलावांवरील जलपर्णीचा परिणाम एकसारखा नसतो. कमळपक्षी व पाणकोंबड्यांना तिच्यावर चालता येते, उलट बुडी मारून मासे पकडणाऱ्या पाणकावळ्यांचे मोकळे पाणी तिच्यामुळे झाकले जाते. त्यामुळे एकूण पक्षीसंख्या टिकून राहिली, तरी समूहाची घडण बदललेली असू शकते.

संक्रांतीच्या पतंगबाजीत वापरला जाणारा नायलॉन मांजा हा आणखी एक धोका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. मात्र हा मांजा लवकर कुजत नाही, आणि झाडांत अडकलेल्या तुकड्यांत घारी, घुबडे, बगळे नंतरही गुंततात. म्हणून जखमी पक्ष्यांची नोंद जानेवारीपुरती ठेवून भागत नाही.