तुटक रेघ आली कुठून

गेल्या वर्षी बडोद्यात, अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात एका पॅथॉलॉजी लॅबच्या सॉफ्टवेअरचं थ्रेट मॉडेल, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते याचं चित्र आणि त्यावरून निघणारी धोक्यांची यादी, ग्राहकाला दाखवायचं होतं. चित्रात बाणांची गर्दी झाली होती. ती मोकळी करताना एका मुलाने ट्रस्ट बाउंड्री, म्हणजे विश्वासातलं आत आणि बाकीचं बाहेर दाखवणारी तांबडी तुटक रेघ, थोडी बाहेर ओढली आणि एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर रेघेच्या आत आला. चित्र सुबक दिसू लागलं, पण त्या सर्व्हरकडे जाणारा बाण आता रेघ ओलांडत नसल्याने त्या बाणावरचे, अजून कुणी न तपासलेले बरेच धोके यादीतून गेले. त्याच सुमारास रुग्णाला जाणाऱ्या संदेशात तपासणीचं नाव घालायचं ठरलं. ही माहिती बाहेरच्या माणसाच्या हातात जाते आहे, हे यादीने सांगितलंच नाही. दोन महिन्यांनी आमच्या टीममधल्या ज्येष्ठ ताईंनी फाइल उघडली आणि विचारलं, "अरे, ही रेघ कुणी सरकवली? आणि कुणाला विचारून?"

या दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व कळायचं असेल, तर त्या रेघेचा इतिहास माहीत असायला हवा.

ज्या चित्रावर आपण ट्रस्ट बाउंड्री काढतो, तो डेटा फ्लो डायग्राम सुरक्षेसाठी जन्मलाच नव्हता. १९७० च्या दशकात लॅरी कॉन्स्टंटाइन, एड युर्डन, टॉम डीमार्को या मंडळींनी कारभाराच्या संगणकप्रणाली समजून घेण्यासाठी तो रूढ केला. प्रक्रियेला वर्तुळ, साठ्याला दोन समांतर रेघा, बाहेरच्या घटकाला चौकोन आणि माहिती वाहते तिथे बाण. कोण कुणावर किती भरवसा ठेवतो, हे सांगणारी एकही खूण त्यात नव्हती. ती पुढे सुरक्षावाल्यांनी वरून काढली, म्हणून आजही ती चित्रावर ठेवल्यासारखी वाटते आणि सहज सरकवता येते.

कल्पना मात्र चित्राहून जुनी आहे, आणि आम्हा बडोदेकरांना ती पटकन कळते. १९६५ च्या सुमारास काम सुरू झालेल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अधिकारांची एकात एक वलयं होती, जितकं आत तितके अधिकार जास्त; पुढे हनीवेल ६१८० या यंत्रात आठ वलयं थेट हार्डवेअरमध्येच आली. बाहेरच्या वलयातल्या प्रोग्रामला आतल्या वलयात कुठूनही घुसता येत नसे, ठरलेल्या जागीच शिरावं लागे. त्या जागांना मल्टिक्सवाले 'गेट' म्हणत. आमच्या जुन्या शहराची रचना हीच: पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, पूर्वेला पाणीदरवाजा, दक्षिणेला गेंडीदरवाजा आणि मधोमध मांडवी. दांडिया बाजारातून मांडवीकडे जाताना मी अजूनही लहरीपुरा दरवाजाच्या कमानीकडे मान वर करून बघतो. तटाचा उपयोग दरवाजापाशी झडती होते म्हणून. झडती नसेल तर तट म्हणजे नुसती भिंत.

हेच १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठीच्या अहवालात काटेकोर शब्दांत मांडलं. झडती घेणारी यंत्रणा कुणाला बिघडवता येऊ नये, तिला वळसा घालता येऊ नये आणि ती पूर्ण तपासून बघता येईल इतकी लहान असावी. माझ्या मते ट्रस्ट बाउंड्रीबद्दल याहून नेमकं आजवर कुणी बोललेलं नाही.

पुढे नेटवर्क आलं, आत-बाहेर जाणारी माहिती अडवून तपासणारी फायरवॉल आली आणि बराच काळ कंपनीची भिंत म्हणजेच सीमा असं मानलं गेलं.

चित्र आणि धोके एकत्र आणण्याचं बरंचसं काम मायक्रोसॉफ्टमध्ये झालं. १९९९ च्या एप्रिलमध्ये लोरेन कोनफेल्डर आणि प्रेरित गर्ग यांनी स्ट्राइड ही धोक्यांची सहा प्रकारांची वर्गवारी मांडली. २००१ मध्ये कोड रेड आणि निमडा या, यंत्रायंत्रांत आपोआप पसरणाऱ्या वर्म्सनी हाहाकार उडवला, आणि जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी सुरक्षेला अग्रक्रम देणारं पत्र सगळ्या कर्मचाऱ्यांना पाठवलं. थ्रेट मॉडेलिंग तिथे नित्याच्या कामाचा भाग झालं आणि त्यासाठीची साधनं बाहेरच्यांनाही मिळू लागली. २०१४ च्या साधनात एक मोठा बदल होता: आता धोके सुट्या घटकावरून नव्हे, तर दोन घटकांमधल्या व्यवहारावरून निघू लागले. बाण कुठली सीमा ओलांडतो का, हे साधन चित्रातच बघतं. रेघ बाणाला छेदते की नाही, एवढ्यावर त्यातले कितीतरी धोके अवलंबून असतात.

आमच्या ऑफिसात नेमकं हेच झालं. वाकडी रेघ असो की भोवती काढलेली चौकट, माउसने जरा ओढली की तिचा अर्थ बदलतो. चौकटीत शेजारचा घटक चुकून सापडला, तर तो 'आपला' ठरतो. आपलं कोण हे ठरवण्याचा अधिकार चित्र नीट करणाऱ्याचा नाही. त्या सर्व्हरवर विश्वास का ठेवायचा याचं उत्तर ज्याला द्यावं लागेल, त्याचा आहे.

दरम्यान सीमा स्वतःच आक्रसत गेली. २००४ मध्ये जेरिको फोरम या सुरक्षातज्ज्ञांच्या गटाने कंपनीभोवतीच्या एका भिंतीवर विसंबू नका असा आग्रह धरला, २०१० मध्ये विश्लेषक जॉन किंडरवॅग यांनी, कुणावरही आपोआप विश्वास न ठेवण्याच्या या विचाराला झिरो ट्रस्ट हे नाव रुळवलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्यावर मार्गदर्शिका काढली. गृहीत धरलेल्या विश्वासाचं क्षेत्र होईल तितकं लहान ठेवा, हा तिचा गाभा. म्हणजे रेघा वाढणार आणि त्या वारंवार बदलाव्या लागणार. बदलायला माझी हरकत नाहीच. नवी सेवा जोडली आणि रेघ जुन्याच जागी राहिली, तर तेही तितकंच घातक.

आम्ही आता मॉडेलची फाइल कोडशेजारीच ठेवतो. रेघ हलली की त्यासोबत दोन ओळी लिहायच्या: आत कोण आलं किंवा बाहेर कोण गेलं, आणि कशाच्या भरवशावर. ताई ते वाचल्याशिवाय बदल पुढे जात नाही. एसएमएसचा सर्व्हर पुन्हा बाहेर गेला आहे. त्याच्या बाणापाशी टीप आहे: "इथून फक्त मोबाइल क्रमांक आणि 'रिपोर्ट तयार आहे' एवढंच जाईल. तपासणीचं नाव नाही."