बॉल पायथनचं लपून बसणं

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, घाना, टोगो, बेनिनकडून जगभर गेलेला. तिकडे तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. त्यामुळे पाळलेला साप दिवसभर हाइडमधे (लपायला ठेवलेल्या खोक्यात) दडलेला असेल तर ते नॉर्मलच, नवीन आणलेला तर कित्येक दिवस तोंडही दाखवत नाही. मालकच दर तासाला हाइड उचलून बघतात, मग तो अजूनच दडतो. (आपल्याकडे मांडूळ, अजगर असे देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, बॉल पायथन परदेशी असला तरी त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.)

बघायचं असतं ते लपायची जागा बदलली का. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, जागा बदलून अंग गरम-थंड करतो, म्हणून पेटीची एक बाजू साधारण 31-32 अंश आणि दुसरी 25-26 ठेवतात. गरम बाजूला अजिबातच जात नसेल तर आधी तिथलं तापमान मोजा, थर्मोस्टॅट (तापमान आवरणारं उपकरण) न लावलेली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) भलतीच तापते आणि त्यावर साप पोटाला भाजेपर्यंत पडून राहू शकतो. हाइड एकच आणि तेही थंड बाजूला असेल तर बरेचदा तो ऊब सोडून आडोसाच धरतो, मग खाल्लेला उंदीर पचत नाही, ओकून टाकतो. म्हणून दोन्ही बाजूंना हाइड हवं, अंगाला चिकटेल एवढं घट्ट. ते ढगळ असलं की साप सबस्ट्रेटखाली (पेटीत तळाला अंथरलेल्या थराखाली) घुसतो.

पाण्याच्या भांड्यात तासनतास बसत असेल तर पाण्यात काळे ठिपके तरंगताहेत का, डोळ्यांभोवती, हनुवटीखाली काही हलतंय का बघा, माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) असू शकतात. नाहीतर पेटी जास्त गरम किंवा कोरडी असेल. कात टाकायच्या आधी डोळे दुधट निळे होतात, रंग मळकट दिसतो, तेव्हाही तो लपतो आणि खात नाही, तेवढे दिवस हात लावू नये.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडातून बुडबुडे, मान वर ताणून बसणं यातलं काही दिसलं तर थेट सापांचं कळणाऱ्या व्हेटकडे. नुसता लपतोय आणि खात नाहीये एवढंच असेल तर काट्यावर वजन करून लिहून ठेवा, मोठे नर प्रजननाच्या हंगामात महिनोन्‌महिने खात नाहीत आणि वजन फारसं हलतही नाही, पण ते सारखं उतरत असेल तर थांबू नका.