घरपट्टी भरली, पण तुमच्याच घरावर जमा झाली का?

सर्व ग्राहकांना नमस्कार.

घराच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं तयार करून देणं हे आमचं काम. महापालिका हद्दीतले बरेच जण घरपट्टी वेळेवर भरतात, पण ती आपल्या खात्यावर चढली का, हे पाहायचं राहून जातं. पुढे घर विकायला काढलं की थकबाकी निघते. तसं होऊ नये म्हणून हे पत्रक.

बिल हातात आलं की रकमेच्या आधी मालमत्ता क्रमांक बघा. एक आजी आमच्याकडे पावत्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, तरी घरी थकबाकीची नोटीस आलेली. पावती आणि नोटीस शेजारी ठेवली तेव्हा कळलं, शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते, 47 च्या जागी 74. दोन वर्षांचा कर दुसऱ्याच घरावर जमा झाला होता. तो वळता करून घेताना त्यांना फार हेलपाटे पडले. क्रमांक टाकल्यावर पडद्यावर नाव येतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. घर विकत घेतलेलं असेल आणि नाव अजून जुन्या मालकाचं दिसत असेल, तर पत्ताही जुळवून बघा. कर भरा आणि नाव बदलण्याचा अर्ज वेगळा द्या. नुसत्या करपावतीने मालकी सिद्ध होत नाही.

ऑनलाइन भरायचं तर आमच्या मते महापालिकेचं स्वतःचं संकेतस्थळ सर्वांत बरं, कारण पावती तिथेच मिळते. यूपीआय ॲपमधल्या बिल भरण्याच्या सोयीतूनही भरता येतं. मात्र ॲपवरचा ‘यशस्वी’ हा संदेश म्हणजे पालिकेची पावती नव्हे. दोन-तीन दिवसांनी संकेतस्थळावर बाकी शून्य झाली का ते बघाच. एसएमएसमधून आलेल्या अनोळखी लिंकवर कधीही पैसे भरू नका.

खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार फसलेल्या यूपीआय व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हे दिवस हाताशी असावेत म्हणून 31 मार्चच्या संध्याकाळची वाट पाहू नका, असं आम्ही कळकळीने सांगतो.

चेक बिलावर छापलेल्या नावानेच काढा आणि मागे मालमत्ता क्रमांक व मोबाइल नंबर लिहा. चेक 3 महिनेच चालतो, आणि वटला नाही तर कर भरलाच नाही असं धरतात. रोख रक्कम फक्त पालिकेच्या खिडकीवर भरा आणि पावती घेऊनच हला. ‘पावती नंतर आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नका, आमच्या माणसाच्याही नाही.

महापालिका हद्दीत बिल सहामाही असतं, 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरपासूनचं. थकलं तर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. वर्षाचा कर एकदम आणि लवकर भरल्यास अनेक महापालिका सवलत देतात, तिची मुदत बिलावर असते.

जुनी पावती सापडत नसेल तर मालमत्ता क्रमांक घेऊन कार्यालयात या. बाकी किती दिसते ते तुमच्यासमोर ऑनलाइन बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही.